पदवी, पगार आणि आपला समाज

दहावी-बारावीचे निकाल लागले की ट्रॉम्बेच्या आमच्या वस्तीत शिक्षकांच्या दारी आया येऊ लागतात. सोबत मुलगा किंवा मुलगी असते, हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स असते. प्रश्न एकच असतो, "टीचर, इसको आगे क्या पढ़ाएँ? ऐसा बताओ के घर को सहारा हो जाए."

हा प्रश्न आपल्याकडे थोडा हलका समजला जातो. गुणवंतांच्या सत्कार समारंभात वक्ते 'इक्रा'पासून सुरुवात करतात, इल्मची थोरवी सांगतात, टाळ्या होतात आणि मुले भेटवस्तूची बॅग घेऊन घरी जातात. यानंतर कोणता फॉर्म भरायचा आणि त्यातून पाच वर्षांनी हातात काय पडेल, हे व्यासपीठावरून कुणी सांगत नाही. इल्म आणि पैसा यांचे नाव एका दमात घेणे आपल्याला अप्रशस्त वाटते. पण त्या आईला हिशेब करावाच लागतो, कारण मुलाला तीन वर्षे कॉलेजात ठेवणे म्हणजे तीन वर्षांच्या मजुरीवर पाणी सोडणे असते.

हा प्रश्न आजचा नाही. मुंबई विद्यापीठाइतकाच तो जुना आहे. विद्यापीठाच्या कोणत्या पदवीने कोणत्या काळी कोणते दार उघडले, हे सलग पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. 'शिकले की कमाई वाढते' हे अर्धेच सत्य आहे. कोणती पदवी, कोणत्या काळात आणि कोणत्या दारासमोर, यावर कमाई ठरत आली आहे. आपला समाज शिकला नाही असे म्हणण्यापेक्षा, जी पदवी आपण घेतली ती बहुतेक वेळा तिचा भाव उतरल्यावर घेतली, असे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल.

पदवी आणि सरकारी दार

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी कायद्याने झाली. कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठेही त्याच वर्षातली. नमुना लंडन विद्यापीठाचा होता. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची व पदवी द्यायची. शिकवायचे काम एल्फिन्स्टन, ग्रँट मेडिकल, पुण्याचे कॉलेज अशा संस्थांनी करायचे. सुरुवातीच्या विद्याशाखा चार : कला, कायदा, वैद्यक आणि स्थापत्य अभियांत्रिकी. या चार शाखांसमोर त्या काळची सरकारी खाती मांडून पाहावीत. महसूल आणि शिक्षण, न्याय, आरोग्य, बांधकाम. जोड्या आपोआप लागतात.

हा योगायोग नव्हता. सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य द्यावे, असा ठराव गव्हर्नर जनरल हार्डिंज यांनी १८४४ मध्येच केला होता. १८५४ च्या वुडच्या खलित्यातही तेच धोरण होते. म्हणजे पदवी जन्माला आली तीच सरकारी दाराची किल्ली म्हणून. एरवी वंशाने, ओळखीने किंवा वतनाने मिळणारे काम परीक्षेच्या कागदावर मिळू लागले, ही त्या काळाच्या मानाने क्रांतीच होती.

१८६२ साली या विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानड्यांनी पुढे १८६६ मध्ये एलएल.बी. केले, १८७१ मध्ये ते पुण्यात न्यायाधीश झाले आणि १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात पोहोचले. भांडारकर हायस्कूलचे मुख्याध्यापक, मग प्राध्यापक आणि १८९३ मध्ये याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. दोघांची विद्वत्ता मोठी होती यात शंका नाही. पण सबंध इलाख्यात पदवीधर चार असताना पदवीला जी किंमत असते, ती चार लाख असताना राहत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

पदवी-पदवीतला फरकही तेव्हापासूनचाच आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बंगळूरला बी.ए. झाले, तेव्हा शिकवण्या करून पोट भरत होते. नंतर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले आणि १८८३ मध्ये मुंबई विद्यापीठाची एल.सी.ई. ही स्थापत्याची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात ते असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. माणूस तोच होता, बुद्धीही तीच होती. बी.ए.ने शिकवण्या दिल्या आणि एल.सी.ई.ने अधिकाराची खुर्ची दिली.

तेव्हा आपण कुठे होतो?

मुसलमान या शर्यतीत अजिबात नव्हते असे नाही. रहिमतुल्ला सयानी हे याच विद्यापीठाचे विद्यार्थी. १८६८ मध्ये ते एम.ए. झाले. हिंदुस्थानातील पहिले मुसलमान एम.ए. म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १८७० मध्ये त्यांनी एलएल.बी. केले, वकिली केली, १८८८ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले आणि १८९६ मध्ये कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले. बदरुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये लंडनहून बॅरिस्टर होऊन आले. मुंबईचे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष, १८९५ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. पण तय्यबजींचे वडील व्यापारी होते, मुलांना विलायतेला पाठवण्याची त्यांची ऐपत होती. सयानीही व्यापारी खोजा जमातीतले. ज्याच्या घरी आधीच चूल नीट पेटत होती, त्यालाच परीक्षेची वाट पाहणे परवडत होते.

बाकी समाज का मागे राहिला, याचे ठरीव उत्तर 'मौलवींनी इंग्रजीला विरोध केला' हे आहे. त्यात तथ्य असेल, पण ते पुरे नाही. कोकणी मुसलमान जहाजांवर होता. दर महिन्याला मनीऑर्डर येत होती आणि तिला मॅट्रिकची अट नव्हती. मोमीन अन्सारी हातमागावर आणि पुढे गिरण्यांच्या साच्यांवर होता. बोहरी, मेमन, खोजा यांची पेढी होती. पेढीवर बसायला पदवी लागत नाही. शेतकरी मुसलमान गावच्या इतर कुणब्यासारखाच कर्जात होता. ज्या जमाती पिढ्यान्‌पिढ्या लेखणीवर जगत आल्या होत्या, त्यांनी नवी लेखणी चटकन उचलली. जे हातावर जगत होते ते मागे राहिले. आणि ते फक्त मुसलमान नव्हते. १८८२ च्या हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी हीच तक्रार मांडली होती की, कर शेतकऱ्याचा आणि उच्च शिक्षण वरच्या वर्गाचे, असा हा कारभार आहे. बहुजनांचे दुखणे आणि आपले दुखणे एकच होते, हे आपण फार उशिरा ओळखले.

तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे दिसत होते. १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली आणि १८८० मध्ये तिची शाळा सुरू झाली. हंटर आयोगापुढे तय्यबजींनीही साक्ष दिली. पण सरकारने मुसलमानांसाठी म्हणून उपनगरात जोगेश्वरीला कॉलेज काढले ते सर महंमद युसूफ यांच्या देणगीतून, १९३० मध्ये. तेच इस्माईल युसूफ कॉलेज. पहिले बी.ए. आणि हे कॉलेज यांच्यात अडुसष्ट वर्षांचे अंतर आहे, म्हणजे जवळपास तीन पिढ्या. या तीन पिढ्यांत बी.ए.च्या जोरावर ज्यांना मुन्सफ, मामलेदार, मास्तर, हेडक्लार्क व्हायचे होते ते झाले होते, आणि त्यांची मुले बी.ए. सोडून पुढच्या पदव्यांकडे वळली होती.

भाव उतरत गेला

पुढच्या पदव्या कोणत्या, तेही मुंबईतच दिसते. १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. १९१३ मध्ये सिडनहॅम कॉलेज निघाले आणि बी.कॉम. ही पदवी आली. विमा कंपन्या, बँका, जकात आणि हिशेबनिशी यांची दारे तिने उघडली. १९३३ मध्ये विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा स्वतःचा विभाग काढला, तो यू.डी.सी.टी. या नावाने जगभर गाजला. गिरण्यांना रंगारी-रसायनज्ञ हवे होते, ते तिथे तयार झाले. आपल्याकडे साबू सिद्दीक यांच्या देणगीतून तांत्रिक शिक्षणाची संस्था भायखळ्याला १९३६ मध्ये उभी राहिली. तिचे पूर्ण अभियांत्रिकी महाविद्यालय व्हायला मात्र १९८४ उजाडले.

स्वातंत्र्यानंतर शिक्षण खऱ्या अर्थाने पसरले. १९५९ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्याने आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी फीसवलत आणली. ई.बी.सी. हा शब्द आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून आहे. गरिबाचे पोर फीवाचून कॉलेजात बसू लागले. १९६८ मध्ये नागपाड्याला महाराष्ट्र कॉलेज सुरू झाले आणि दक्षिण मुंबईच्या गल्लीबोळांतून मुले-मुली बी.ए., बी.कॉम. होऊ लागल्या. हे मोठे काम होते, त्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण नेमके याच सुमारास 'सुशिक्षित बेकार' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रूढ होत होता. कला शाखेची पदवी आपल्या दारात आली ती तिच्यामागे हजारोंची रांग लागली असताना.

बी.कॉम.ला मात्र तेव्हा एक नवी संधी होती. जुलै १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, गावोगाव शाखा उघडल्या, कारकुनांची भरती झाली. पगार, पेन्शन, घरकर्ज असे एका पदवीवर एका घराचे सोने झाले. आपल्यातील काहींनी ती संधी घेतली. अनेक घरांत मात्र सूद-व्याजाच्या पैशात नोकरी जाईज की नाजाईज या चर्चेतच वयोमर्यादा उलटून गेली. ज्यांनी श्रद्धेपोटी नकार दिला त्यांचा आदर आहे. पण त्यांना त्याच पदवीवर चालणारे दुसरे दार दाखवणारे कुणी नव्हते, हे खरे दुखणे.

त्याच दशकात आखाताचे दार उघडले. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि कुवेत, दुबई, सौदीला फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर यांची मागणी आली. रत्नागिरी-रायगडच्या गावांत स्लॅबची घरे उभी राहिली. बी.ए. झालेला भाऊ मुंबईत अर्ज लिहीत बसलेला आणि दहावी नापास भाऊ रियाधहून ड्राफ्ट पाठवतोय, असे चित्र घरोघरी दिसू लागले. शिक्षणावरचा विश्वास या चित्राने जितका डळमळीत केला तितका कुणा मौलवीने केला नसेल. पण त्यातला बारकावा आपण पाहिला नाही. ज्याच्याकडे आय.टी.आय.चा दाखला होता तो फिटर आणि ज्याच्याकडे नव्हता तो हेल्पर. डिप्लोमावाला सुपरवायझर. वाळवंटातही कागद पाहूनच पगार ठरत होता, फक्त तो कागद बी.ए.चा नव्हता.

जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि पदवीवाचून कायम नोकरी देणारा मुंबईचा सर्वांत मोठा रोजगार संपत गेला. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, राज्य सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, पण त्यांची फीही वाढली. गरिबाला फुकट मिळत होती ती बी.ए., आणि नोकरी देत होती ती बी.ई. पदव्यांच्या किमतीतली ही फट त्या दिवसांपासून रुंदावत गेली.

ट्रॉम्बेची भिंत

हा सगळा इतिहास एका जागी उभे राहून पाहायचा असेल तर ट्रॉम्बेला यावे. १९५४-५५ च्या सुमारास इथे आणि शेजारच्या माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने आले. १९५६ मध्ये टाटांचे वीजकेंद्र आले, १९६५ मध्ये खतकारखाना सुरू झाला. आणि टेकडीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, अणुशक्ती केंद्र. १९५४ मध्ये त्याची स्थापना झाली, ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि १९६७ मध्ये केंद्राला होमी भाभांचे नाव मिळाले.

भाभांची स्वतःची गोष्ट आपल्या विषयाला धरून आहे. वडिलांची इच्छा होती की मुलाने केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करावे आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागावे. मुलाला भौतिकशास्त्र हवे होते. आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास हो, मग पाहू, असे ठरले. भाभांनी ते १९३० मध्ये केले आणि मग ते भौतिकशास्त्राकडे वळले. डॉ. अब्दुल कलाम यांची वाट उलटी होती. तिरुचिरापल्लीला भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर त्यांना जाणवले की आपला रस्ता इंजिनिअरिंगचा होता. मद्रासच्या तंत्रसंस्थेची फी भरायला हजार रुपये हवे होते. बहीण जोहरा यांनी दागिने गहाण ठेवले. भाभांना चुकूनही चालले असते, मागे घर भक्कम होते. कलामांच्या घराला एक चूक दुरुस्त करायला बहिणीच्या बांगड्या लागल्या. चुकीची पदवी गरिबाला जास्त महाग पडते.

भाभांना माहीत होते की देशातील कोणतेही विद्यापीठ अणुविज्ञान शिकवत नाही. म्हणून १९५७ मध्ये ट्रॉम्बेला ट्रेनिंग स्कूल सुरू झाले. विज्ञान व अभियांत्रिकीचे पदवीधर निवडायचे, त्यांना वर्षभर विद्यावेतन देऊन शिकवायचे आणि थेट वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमायचे. डॉ. अनिल काकोडकर १९६३ मध्ये व्ही.जे.टी.आय.मधून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन याच स्कूलमध्ये आले, पुढे केंद्राचे संचालक आणि अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या आधी अध्यक्ष राहिलेले होमी सेठना हे यू.डी.सी.टी.चे. माटुंग्याच्या दोन संस्थांतून ट्रॉम्बेला येणारी वाट किती थेट होती, हे यावरून दिसते.

आता भिंतीच्या अलीकडे पाहू. अणुशक्ती केंद्राच्या कर्मचारी वसाहतीसाठी मानखुर्दजवळची जनता कॉलनी हटवायची ठरली. रहिवाशांनी जोकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे लढा दिला, कोर्टकचेऱ्या केल्या. मे १९७६ मध्ये, आणीबाणीच्या दिवसांत, सुमारे सत्तर हजार माणसांना उचलून ट्रॉम्बेच्या खाडीकाठी दलदलीच्या जमिनीवर आणून टाकले गेले. ती वस्ती म्हणजे चिता कॅम्प. तमिळ, दखनी, उत्तर हिंदुस्थानी, मराठी अशी सगळी माणसे इथे आहेत आणि मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. ज्या केंद्रासाठी घर सोडावे लागले, त्याची भिंत इथून चालत जाण्याइतकी जवळ आहे.

त्या भिंतीला दारे आहेत आणि प्रत्येक दारावर पात्रता लिहिलेली आहे. बी.ई. किंवा विज्ञानातील एम.एस्सी., किमान ६० टक्के : ट्रेनिंग स्कूल, आणि नंतर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ५६,१०० रुपये. अभियांत्रिकी डिप्लोमा किंवा बी.एस्सी., किमान ६० टक्के : पहिल्या श्रेणीचा प्रशिक्षणार्थी, पुढे सायंटिफिक असिस्टंट, मूळ वेतन ३५,४०० रुपये. विज्ञान-गणितासह दहावीला ६० टक्के आणि आय.टी.आय. : दुसऱ्या श्रेणीचा प्रशिक्षणार्थी, पुढे टेक्निशियन, मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून. महागाई भत्ता आणि बाकीच्या सवलती वेगळ्या. बी.ए., बी.कॉम.ला कारकुनी आणि खरेदी-भांडार विभागातली दारे आहेत, पण त्या जागा थोड्या आणि रांग देशभराची.

याच्या शेजारी मी माझ्याच पेशाचा आकडा ठेवते. राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिकला ३,०००, माध्यमिकला ४,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला ५,००० रुपये मानधन. तीन वर्षे सेवक म्हणून काढली की कायम वेतनश्रेणी. १ जानेवारी २०२३ पासून हे मानधन १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. त्याच २०२३ मध्ये भाभा केंद्राच्या जाहिरातीत दहावी-आय.टी.आय. प्रशिक्षणार्थ्याचे पहिल्या वर्षाचे विद्यावेतन २०,००० रुपये होते. म्हणजे बारावीनंतर पाच वर्षे घालून बी.ए., बी.एड. झालेली माध्यमिक शिक्षिका १८,००० वर सुरू करते आणि दहावीनंतर आय.टी.आय. केलेला मुलगा २०,००० वर. कायम झाल्यावर शिक्षिका पुढे जाते हे खरे, पण कायम व्हायला आधी जागा मिळावी लागते. मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली, पुढे टी.ई.टी. आणि पवित्र पोर्टल यांत वर्षे गेली. उर्दू माध्यमाच्या किती डी.एड., बी.एड. झालेल्या मुली या काळात शिकवण्या घेत बसल्या, हे ज्याच्या त्याच्या घरी माहीत आहे. मुलींना मान्य असलेला एकच पेशा म्हणून आपण त्यांना या एकाच रांगेत उभे केले आणि रांगच थांबली.

मग चिता कॅम्पची मुले त्या दारांतून का जात नाहीत? काही जातात. जी जात नाहीत त्यांचा निर्णय दहावीच्या निकालानंतरच्या पंधरा दिवसांत झालेला असतो. विज्ञान शाखेचे ज्युनिअर कॉलेज लांब पडते, क्लासची फी जड वाटते, उर्दूत शिकलेले विज्ञान अकरावीत एकदम इंग्रजीत येते, आणि 'लड़की को इतनी दूर कैसे भेजें' हा प्रश्न असतोच. त्यामुळे गणितात चांगले गुण असलेली मुलगीही जवळ आहे म्हणून आर्ट्सला जाते. तीन-पाच वर्षांनी पदवी मिळते, फोटो निघतो. पण दारावरचा नियम पदवी पाहत नाही, विषय पाहतो.

याच एम-पूर्व प्रभागात देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे आणि अणुशक्तीनगरला २००५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेली होमी भाभा राष्ट्रीय संस्था आहे. तीन अभिमत विद्यापीठे एका प्रभागात. आणि २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातला सर्वांत तळाचा प्रभाग हाच होता. विद्यापीठ शेजारी असल्याने शेजाऱ्याची कमाई वाढत नाही. त्याच्या प्रवेशपरीक्षेपर्यंत नेणारी शाळा शेजारी असावी लागते.

पदवी असूनही

इथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सगळा दोष आपल्या निवडीचा नाही. २००६ च्या सच्चर समितीने दाखवून दिले की वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर चार टक्क्यांहून कमी आहेत. नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तर पन्नासांमागे एक मुसलमान आहे. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती, जिच्यावर कमी चर्चा झाली. पदवीधरांमधील बेकारीचे प्रमाण सर्व समाजघटकांत मुसलमानांमध्ये सर्वाधिक होते. म्हणजे तीच पदवी घेऊनही आपल्या मुलाला दार उशिरा उघडते किंवा उघडत नाही. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढून मुसलमानांतील मागासांना पाच टक्के आरक्षण दिले. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षण रोखले, पण शिक्षणातील चालू ठेवायला हरकत घेतली नाही. त्यानंतर वटहुकूमच व्यपगत होऊ दिला गेला. ही मागणी न्याय्य आहे आणि ती करत राहिले पाहिजे.

पण ज्या दारावर नाव पाहून भेदभाव होऊ शकतो, तिथे मोघम पदवी अधिक दुबळी ठरते. मुलाखतीच्या खोलीत 'कोणताही पदवीधर' या अटीवर बसलेल्या शंभर जणांतून एक निवडताना निवडणाऱ्याला भरपूर मोकळीक असते. वेल्डिंगची चाचणी, नर्सिंगची नोंदणी, लेखी परीक्षेचे गुण यांत ती मोकळीक कमी होते. म्हणून दुर्बल समाजाने मोजता येईल असे कौशल्य आणि त्याचा अधिकृत कागद जवळ ठेवावा, हा अनुभवाचा धडा आहे.

हिशेब मागायला शिकू या

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१५ पासून कोणत्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांची पुढे कमाई किती, हे जाहीर करायला सुरुवात केली. नंतर ती माहिती विषयवारही दिली. इंग्लंडमध्ये पदवीधरांच्या करनोंदी जोडून अभ्यास होतात. २०२० च्या अशा एका अभ्यासाचा निष्कर्ष होता की साधारण पाचांपैकी एकाला पदवी न घेता जास्त पैसे मिळाले असते; आणि डॉक्टरी व अर्थशास्त्र यांची कमाई ललित कलांपेक्षा कितीतरी अधिक होती. आपल्याकडे २०१६ पासूनच्या राष्ट्रीय क्रमवारीसाठी संस्था नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांचा मध्यम पगार कळवतात. पण तो कॅम्पसमधून नोकरी लागलेल्यांचा असतो. ज्यांना लागली नाही त्यांचे काय झाले, ते त्यात नसते. गोवंडीच्या आईपर्यंत तर काहीच पोहोचत नाही.

हे काम आपण आपल्यापुरते करू शकतो. प्रत्येक उर्दू शाळेने आपल्या जुन्या विद्यार्थ्यांची एक वही ठेवावी. कोण काय शिकला, पाच वर्षांनी काय करतो, किती मिळवतो. नावे नकोत, आकडे पुरेत. दहा वर्षांत त्या वहीइतका खरा सल्लागार दुसरा नसेल. जमातींनी सत्काराच्या खर्चातला निम्मा भाग अकरावी-बारावी विज्ञानाच्या क्लासवर आणि मुलींच्या जाण्या-येण्यावर घालावा. 'रोजगार समाचार' उर्दूतही निघत आला आहे. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांशेजारी त्यातली एक जाहिरात लावायला कुणाची हरकत नसावी. आणि आम्ही शिक्षकांनी आठवीपासून पालकांना सांगावे की गणित आणि विज्ञान सोडणे म्हणजे कोणकोणती दारे स्वतःहून लावून घेणे आहे.

याचा अर्थ इतिहास, उर्दू, मराठी शिकूच नये असा नाही. मी स्वतः भाषेवर जगते. ज्याला कलेची खरी ओढ आहे त्याने ती शिकावी, पण पुढचे दार कोणते हे माहीत असताना शिकावी. जवळ होते म्हणून, फी कमी होती म्हणून, मैत्रीण जात होती म्हणून घेतलेल्या पदवीला निवड म्हणता येत नाही. १८६२ मध्ये आपल्याला निवड नव्हती. आज थोडी आहे.

या वर्षीही निकालानंतर एक आई आली होती. मुलीला विज्ञानात चांगले गुण, घरचा विचार आर्ट्सचा. मी तिला भिंतीपलीकडच्या तीन दारांचे तीन आकडे वहीच्या कागदावर लिहून दिले आणि प्रत्येकासमोर कोणता विषय लागतो तेही. तिने कागद दोनदा वाचून घेतला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि विचारले, "साइंस का फॉर्म कब तक है?" तारीख मी सांगितली.